ज्या मैदानावर पॅरिस नाचले

क्रांतीचा इतिहास सांगायला उभा राहिलेला वक्ता बहुधा तोफा, तुरुंग आणि वधस्तंभ यांच्यापासून प्रारंभ करतो. आज आम्ही फिती, पंखे, बुटांची बक्कले आणि नाच यांच्यापासून प्रारंभ करणार आहोत. विषय पोरकट वाटेल. परंतु कामगारांच्या सभा भरविण्यात आमची उमर गेली आहे, आणि तिथे एक गोष्ट आम्ही पुरती शिकलो. नुसत्या भाषणाला शंभर माणसे येतात. डफावर थाप पडली की हजार येतात. लोक कशासाठी जमतात, अंगावर काय मिरवितात आणि कोणत्या चालीवर ठेका धरतात, हे ज्याने पाहिले नाही त्याने राजकारण अर्धेच पाहिले.

१४ जुलै १७८९ रोजी पॅरिसच्या लोकांनी बॅस्टिलचा तुरुंग पाडाव केला, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्याचा पहिला वाढदिवस १४ जुलै १७९० रोजी शाँ-द-मार्स या विस्तीर्ण मैदानावर साजरा झाला. मधल्या एका वर्षात शहराचा पेहराव पार पालटून गेला होता. बॅस्टिल पडण्याच्या दोनच दिवस आधी कामी देमुलाँ या तरुण वकिलाने लोकांना टोपीत हिरवी खूण लावण्यास सांगितले, तेव्हा लोकांनी झाडांची पाने खोवली. पण हिरवा रंग राजाच्या धाकट्या भावाच्या घराण्याचा, आणि त्याच्यावर तर लोकांचा राग! हिरवे गेले. पॅरिस शहराचे निळे-तांबडे आणि राजाचे पांढरे असे तीन रंग एकत्र येऊन फितीचे फूल तयार झाले. तिरंगी फूल टोपीला नाही असा माणूस रस्त्यावर संशयित ठरू लागला.

बाजाराने हे तत्काळ ओळखले. वेढ्याची चित्रे छापलेले कागदी पंखे निघाले. क्रांतीची चिन्हे रंगविलेल्या मातीच्या थाळ्या नेव्हेरच्या भट्ट्यांतून बाहेर पडल्या. १७९० साली निघालेल्या फॅशनच्या एका नियतकालिकात 'देशभक्त स्त्री'चा पोशाख रंगीत चित्रासह छापून आला. पालॉय नावाच्या कंत्राटदाराकडे बॅस्टिल पाडण्याचे काम होते. त्याने तिच्याच दगडांतून तुरुंगाच्या लहान प्रतिकृती कोरवून घेतल्या आणि देशाच्या ८३ विभागांस एकेक पाठविली. श्रीमंतांनीही मागे राहू नये म्हणून की काय, मादाम द जांलीस या विदुषीने बॅस्टिलच्या दगडाला झिलई देऊन त्याचे पदक गळ्यात घातले. त्यावर 'स्वातंत्र्य' हा शब्द हिऱ्यांनी जडविलेला होता. तुरुंगाचा दगड आणि वर हिरे! यावर आम्ही वेगळे भाष्य करीत नाही.

उत्सवासाठी मैदान खोदून भोवती मातीचे उंच बांध घालायचे होते. बसायची सोय त्या बांधांवरच व्हायची होती. दिवस थोडे राहिले आणि कामावरचे मजूर पुरे पडेनात, तशी हाक गेली आणि सारे पॅरिस फावडी घेऊन लोटले. कसाई, कोळसेवाले, जोगिणी, भिक्षू, सरदारांच्या बायका, सर्व जण एकाच हातगाडीला लागले. राष्ट्रीय रक्षक दलाचा सेनापती लाफायेत स्वतः राबला. त्या दिवसांना 'हातगाड्यांचे दिवस' असेच नाव पडले. काम चालले होते 'सा इरा' या गाण्यावर. त्याची मूळ चाल निव्वळ नाचाची. राणी मारी आंत्वानेतही ती वाद्यावर वाजवीत असे, असे सांगतात. लाद्रे नावाच्या एका जुन्या शिपायाने, रस्त्यावर गाणाऱ्या माणसाने, त्या चालीवर शब्द बसविले आणि दरबारातली चाल फावड्याच्या ठेक्यावर आली. पुढे त्याच चालीवर सरदारांना दिव्याच्या खांबाला टांगण्याचे शब्द चढले. चाल तीच राहते. माणसांचे दिवस बदलले की शब्द बदलतात.

उत्सवाच्या दिवशी पावसाने कहर केला. तीन लाखांहून अधिक माणसे छत्र्या घेऊन बांधांवर बसली. प्रांतोप्रांतीच्या रक्षक दलांचे हजारो प्रतिनिधी भिजले आणि अंगात ऊब यावी म्हणून चिखलातच फेर धरून नाचले. तालेराँ या बिशपने पूजाविधी केला, लाफायेतने शपथ घेतली, राजानेही घेतली. बॅस्टिल जिथे उभी होती तिथे दिवे टांगून पाटी लावली होती: 'येथे नाच चालतो'. अंधारकोठडीच्या जागी नाचाची पाटी! एवढ्या मोठ्या विजयाची याहून सुटसुटीत जाहिरात आम्हांस ठाऊक नाही.

इथवरची कथा गोड आहे. आता हिशेबाची वही उघडू.

शपथेच्या रांगांत उभे असलेल्यांच्या अंगावर निळे डगले होते. तो डगला ज्याने त्याने पदरच्या पैशाने शिवायचा असे. म्हणजे ज्याला डगला परवडतो तोच देशाचा रक्षक. मताचा अधिकारही ज्याचा प्रत्यक्ष कर निदान तीन दिवसांच्या मजुरीइतका होई त्यालाच होता. घरगड्यांना तो नव्हता, आणि स्त्रियांना तर मुळीच नव्हता. फिती सर्वांच्या टोपीला एकसारख्या. फितीखालची माणसे दोन प्रकारची.

फॅशनचाही हिशेब पाहा. १७८९ साली प्रतिनिधींनी आपली चांदीची बक्कले देशाच्या तिजोरीस अर्पण केली. त्याग स्तुत्य होता. परंतु बक्कल जाऊन नाडी आली, ती वाट समुद्रापलीकडे इंग्लंडातही रुळली आणि बर्मिंगहॅमकडचे बक्कल करणारे कारागीर उपाशी पडले. १७९१ च्या सुमारास त्यांनी युवराजाकडे अर्ज केला की, आपण बक्कले वापरा म्हणजे लोक वापरतील! सरदार देश सोडून गेले तसे लियाँच्या रेशीम विणकरांचे माग थंडावले. जरतार मागे पडून साध्या मलमलीची चलती झाली. त्या मलमलीची कीर्ती मुळात आपल्या बंगालच्या विणकरांनी केलेली. आणि ते विणकर त्याच वर्षांत इंग्रज कंपनीच्या दलालांखाली भरडले जात होते. जगात कुठेही पोशाखाची रीत पालटली की कुठेतरी एक चूल पेटते आणि एक विझते.

सर्वांत मोठी नोंद पुढेच आहे. १७९१ च्या वसंतात पॅरिसच्या सुतारांनी संघटना करून रोजी निदान ५० सू मागितली. मालकांनी तक्रार केली. १४ जून १७९१ रोजी, म्हणजे त्या नाचाला अकरा महिने झाले तेव्हा, ल शापलिए या क्रांतिकारक वकिलानेच मांडलेला कायदा मंजूर झाला: एका धंद्यातल्या लोकांनी आपल्या समाईक हितासाठी संघटना करावयाची नाही. पुढाकार घेणाऱ्यास दंड ५०० लिव्र. एका लिव्रचे २० सू. म्हणजे मागितलेली मजुरी मिळाली असती तरी तो दंड २०० दिवसांच्या कमाईएवढा होता. कायदा कागदावर मालकांनाही लागू होता. परंतु चार मालकांना जेवणाच्या टेबलाशी जमता येते, चारशे सुतारांना मैदान लागते.

मैदानाचेही तेच झाले. राजा पळून जाताना पकडला गेल्यावर, १७ जुलै १७९१ रोजी लोक त्याच शाँ-द-मार्सवर एका अर्जावर सह्या करण्यास जमले. नगराध्यक्ष बाय्यी आणि लाफायेत लष्करी कायद्याचे तांबडे निशाण घेऊन आले आणि गोळीबार झाला. सुमारे पन्नास माणसे पडली असे मानतात. ज्या मातीत लाफायेतने गतवर्षी लोकांबरोबर राबून घाम गाळला, तीच माती! ते तांबडे निशाण तेव्हा 'पांगा, नाहीतर गोळी' असे सांगणारे सरकारी निशाण होते. पुढच्या शतकात कामगारांनी तेच आपल्या खांद्यावर घेतले.

आणि मौजेची सक्ती झाली की काय होते तेही त्याच लोकांनी पाहिले. तिरंगी फूल जुलै १७९२ मध्ये पुरुषांना आणि सप्टेंबर १७९३ मध्ये स्त्रियांना बंधनकारक झाले. लाल टोपीवरून बाजारातल्या बाया आणि क्रांतिकारक स्त्रियांचे मंडळ यांच्यात मारामाऱ्या झाल्या. २९ ऑक्टोबर १७९३ रोजी ठरले की पोशाखाची सक्ती कोणी कोणावर करू नये. ठीक झाले. परंतु दुसऱ्याच दिवशी स्त्रियांची सर्व मंडळे बंद करण्याचा हुकूम निघाला. टोपी निवडण्याची मोकळीक उरली, एकत्र बसण्याची गेली.

तर मग उत्सव फसवा म्हणून टाकून द्यावा काय? आमच्या चळवळीतही असे म्हणणारे करड्या चेहऱ्याचे लोक आहेत. आम्ही त्यांच्यापैकी नाही. फ्रान्समध्ये कामगार संघांना कायद्याची मान्यता मिळाली २१ मार्च १८८४ रोजी. ९३ वर्षे लागली! योगायोग असा की त्याच १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. मात्र आपल्याकडे कामगार संघांचा कायदा व्हायला १९२६ साल उजाडले. या ९३ वर्षांत फ्रेंच कामगाराने नाच सोडला नाही आणि मागणीही सोडली नाही. १९३६ च्या मे-जूनमध्ये सुमारे २० लाख कामगार संपावर गेले. त्यांनी कारखान्यांत मुक्काम ठोकला आणि यंत्रांच्या मधल्या जागेत अॅकॉर्डियनवर नाच केले. जूनमध्ये करार झाला. वेतनवाढ, कारखान्यात निवडलेले प्रतिनिधी, आणि पाठोपाठच्या कायद्यांनी ४० तासांचा आठवडा व दोन आठवड्यांची पगारी रजा, एवढे पदरात पडले. त्या वर्षीच्या १४ जुलैला पॅरिसच्या रस्त्यांवर लाल टोप्या होत्या, तिरंगी फिती होत्या, आणि तिरंगा व लाल बावटा शेजारी शेजारी चालले होते.

दोन्ही १४ जुलैंना लोक नाचले. १७९० साली सुतारांनी बांध घातले, ते नाचले, आणि वर्षाच्या आत त्यांचे चार माणसांत बसणे गुन्हा झाले. १९३६ साली नाचणाऱ्याच्या खिशात कराराचा कागद होता. फिती दोन्ही वेळा सारख्याच शोभल्या असतील.

म्हणून कोणत्याही राजकीय जल्लोषात आपण अवश्य जावे, नवा सदरा घालून जावे, मुलांना खांद्यावर घेऊन जावे, ठेका धरावा. फक्त दोन प्रश्न मनात ठेवावेत: हा मांडव ज्यांनी घातला त्यांची मजुरी चुकती झाली काय? आणि उद्या सकाळी त्यांना याच मैदानावर आपली सभा घेता येईल काय? दोन्हींची उत्तरे 'होय' असतील, तर मनसोक्त नाचा. आमचे वय झाले असले तरी टाळ्यांना आम्ही आहोतच.