अक्षराचा धनी कोण?

ग्रंथांतील मजकुराचा धनी ग्रंथकार, हें आपण सर्वजण मानतों. परंतु ज्या अक्षरांच्या वळणांत तो मजकूर आपल्यापुढें येतो, त्या वळणाचा धनी कोण, हा प्रश्न सहसा मनांत येत नाहीं. वस्तुतः तो पांचशें वर्षांचा जुना आहे.

व्हेनिसचा विद्वान मुद्रक आल्डस मॅन्युशियस यानें इ. स. १५०१ मध्यें व्हर्जिलचें काव्य हातांत सहज मावेल अशा लहान आकारांत छापलें. त्यासाठीं तिरक्या वळणाचे नवे खिळे पाडले होते. त्यासच आज आपण इटॅलिक म्हणतों. त्यांचे पोलादी ठसे कोरले बोलोन्याच्या फ्रांचेस्को ग्रिफो या कारागिरानें. त्याच ग्रंथांत आल्डसनें त्याच्या हस्तकौशल्याची स्तुतीही केली. परंतु १५०२ मध्यें व्हेनिसच्या सेनेटनें या वळणाचा अनन्य हक्क दिला तो आल्डसला, कारागिराला नव्हे.

पुढें ग्रिफो व्हेनिस सोडून गेला. १५०३ मध्यें फानो येथील मुद्रक सोन्चीनो यानें, या अक्षरांचा खरा जनक ग्रिफोच होय, असें आपल्या पेत्रार्काच्या आवृत्तींत उघड लिहिलें. इकडे फ्रान्सांतील लियों शहरच्या मुद्रकांनीं तेंच वळण उचलून आल्डसच्या ग्रंथांच्या नकला बाजारांत आणल्या. तेथें व्हेनिसच्या सनदेस कोण विचारतो? नकलांतील चुका दाखविणारें पत्रक त्याच वर्षीं काढून आल्डसला समाधान मानावें लागलें. सारांश, त्या सनदेनें कारागिरास न्यायही मिळाला नाहीं व चोरीही थांबली नाहीं.

शिशाचे खिळे विकत घेतले कीं ते छापखान्याचे होत. संगणकावरील फाँटचें तसें नाहीं. तेथें पैसे देऊन आपण बहुधा वापराचा परवानाच घेतों. छापील पुस्तकास चालणारा परवाना ई-पुस्तकास किंवा संकेतस्थळास चालेलच असें नाहीं. अमेरिकेंत अक्षराच्या केवळ आकृतीस कॉपीराइट नाहीं, परंतु फाँटच्या संगणकीय प्रणालीस तो मिळूं शकतो. ‘खासगी वापरासाठीं मोफत’ म्हणून मिळालेला फाँट विक्रीच्या पुस्तकांत घालण्याची मुभा त्या शब्दांत नसते. उलट ‘ओपन फाँट लायसन्स’खालील फाँट विक्रीच्या ग्रंथांतही खुशाल वापरावेत, मात्र तो फाँटच सुटा विकतां येत नाहीं.

ग्रंथकाराशीं लेखी करार करणाऱ्या प्रकाशकानें अक्षरकाराचा परवानाही तितक्याच काळजीनें वाचावा. ग्रिफोच्या वांट्यास आलेली उपेक्षा आजच्या अक्षरकारांच्या वांट्यास न येऊं देणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.