हत्यारमार्गाची पडताळणी व संकेतनिर्मिती

संगणक नियंत्रित यंत्रावर धातू कापताना कर्तन हत्यार ज्या वाटेने सरकते, तिला हत्यारमार्ग म्हणतात. आरेखनावरून हा मार्ग ठरविणे, यंत्रास समजतील अशा अक्षर-अंकांच्या आज्ञांत त्याचे रूपांतर करणे आणि कर्तनापूर्वी तो तपासणे ही परस्परावलंबी कामे होत. हातचाक फिरविणारा कारागीर चूक दिसताच थांबे. यंत्र चुकीची आज्ञाही तितक्याच अचूकपणे पाळते. त्यामुळे संकेतनिर्मितीच्या प्रगतीबरोबर पडताळणीच्या पद्धतीही विकसित कराव्या लागल्या.

जालना शहरातील पोलादी सळयांच्या उद्योगाच्या उदाहरणावरून या तपासणीचे महत्त्व स्पष्ट होते. तप्त पोलाद रुळांमधून लाटून सळई तयार होते. शेवटच्या रुळाच्या खोबणीत कोरलेल्या खाचांमुळे सळईवर कंगोरे उमटतात व त्यांच्यामुळे काँक्रीटची पकड मिळते. भारतीय मानक १७८६ नुसार १६ मिमी.हून अधिक व्यासाच्या सळईत दर मिमी. लांबीस कंगोऱ्यांचे सरासरी प्रक्षेपित क्षेत्रफळ, व्यासाच्या मिमी.तील आकड्याच्या ०.१७ पटीहून कमी नसावे. म्हणजे २० मिमी. सळईसाठी ते किमान ३.४ चौ. मिमी. असावे लागते. खाच उथळ राहिल्यास तो दोष रुळाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर सळईवर उमटत जातो.

संख्यात्मक नियंत्रणाची कल्पना अमेरिकेतील जॉन पार्सन्स यांनी मांडली. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र आकार अनेक बिंदूंच्या गणिताने मिळविण्याच्या कामातून ती पुढे आली. १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या साहाय्याने हे काम सुरू झाले आणि १९५२ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत छिद्रित फितीवर चालणाऱ्या तीन अक्षी मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. फितीसाठीचे आकडे हाताने काढणे कष्टाचे असल्याने डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली एपीटी ही संगणकीय भाषा तयार झाली. या पद्धतीत प्रथम यंत्रनिरपेक्ष हत्यारमार्ग काढतात व नंतर पोस्ट-प्रोसेसर ही आज्ञावली विशिष्ट यंत्रासाठी संकेत तयार करते. उदा., ‘जी००’ म्हणजे द्रुत सरकण, ‘जी०१’ म्हणजे सरळ रेषेत कर्तन व ‘जी०२’ म्हणजे घड्याळाच्या दिशेने वर्तुळाकार कर्तन. १९८२ मध्ये आयएसओ ६९८३ या आंतरराष्ट्रीय मानकाने या संकेतांना सर्वसाधारण रूप दिले. तथापि निरनिराळ्या नियंत्रकांतील फरक राहिलेच.

प्रारंभी मार्ग कागदावर रेखाटून, हत्यार हवेतच चालवून किंवा मेण वा फेसाच्या ठोकळ्यावर कर्तन करून तपासणी होई. १९८१ मध्ये व्होल्कर व हंट यांनी घन प्रतिमानातून हत्याराने व्यापलेले घनफळ वजा करून पडताळणी करण्याची पद्धत मांडली. आता संगणकाच्या पडद्यावर कच्चा माल, हत्यार, त्याचा धारक व पकडी यांची प्रतिमाने वापरून टक्कर, जादा कर्तन आणि शिल्लक धातू शोधता येतात. मात्र केवळ मूळ मार्ग तपासल्यास पोस्ट-प्रोसेसरमधील दोष सुटून जातात. म्हणून अंतिम संकेतच तपासावे लागतात.

रुळावर खाचा कोरताना चौथा, म्हणजे फिरता अक्ष वापरतात. झिजलेला रूळ पुन्हा कातल्यावर खोबणीच्या तळाचा व्यास, उदा., ३२० मिमी.वरून ३१४ मिमी. झाला, तर परिघ सुमारे १९ मिमी.ने घटतो व पृष्ठभाग ३ मिमी.ने आत जातो. जुनेच संकेत वापरल्यास खाचांमधील अंतर कमी होते आणि ३ मिमी.हून कमी खोल खाचेसाठी हत्यार धातूस स्पर्शही करीत नाही. याउलट, मोठ्या व्यासाच्या रुळावर ते आदळू शकते. संकेत निर्दोष असूनही रुळाचा प्रत्यक्ष व्यास चुकीचा नोंदला गेल्यास पडद्यावरील तपासणीत हा दोष दिसत नाही. म्हणून मोजमाप व पहिल्या खाचेची प्रत्यक्ष तपासणी अपरिहार्य ठरते. जालन्याजवळील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील इंडो-जर्मन टूल रूम या केंद्र शासनाच्या संस्थेत संगणक नियंत्रित यंत्रांच्या आज्ञावलींचे प्रशिक्षण दिले जाते.