शब्बाथची वेणी

‘हल्ला’ हा शब्द आपल्या कानांना लढाईचा वाटेल. ज्यूंच्या घरी ते शब्बाथच्या पावाचे नाव आहे. मुळात मात्र मळलेल्या कणकेतून पुरोहितासाठी काढावयाचा वाटा म्हणजे हल्ला. इ. स. 70 मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर जाळले. पुरोहिताचे काम सरले; पण गृहिणीने वाटा काढणे सोडले नाही. तेवढा गोळा श्रद्धाळू घरांत आजही जाळतात. उरलेल्या कणकेच्या पेडांची वेणी घालण्याची रीत पंधराव्या शतकात जर्मन प्रदेशांतील ज्यूंनी उचलली. शुक्रवारी रात्री असे दोन पाव वस्त्राखाली ठेवतात. अरण्यात त्या दिवशी दुप्पट मान्ना मिळाला, त्याची ही आठवण. आमच्या कोकणातील बेने इस्राएलांनीही शनिवारी तेलघाणा थांबवून हाच दिवस पाळला. मंदिर दगडाचे होते, ते पडले. धर्म घरातल्या हातांनी राखला.