मोजणीची रेषा : टिपणापासून संकेतापर्यंत

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर, कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा जमीनमोजणीसारख्या शास्त्रावर बोलण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला, असे श्रोत्यांपैकी कोणी विचारले तर ते रास्तच होईल. आमचे उत्तर एवढेच की, मोजणीच्या कामावर उन्हातान्हात राबणारी काही पोरे आमच्या युनियनची सभासद आहेत, आणि त्यांच्यातल्या एकाच्या भांडणापायी आम्हांला हा विषय मुळापासून वाचावा लागला. ते भांडण शेवटी सांगतो.

मोजणीचे यंत्र कितीही महागाचे असो, त्याला रेषा दिसत नाही. त्याला बिंदू तेवढा कळतो. शेताचा बांध, नाल्याचा काठ, रस्त्याची कड या रेषा माणूस पाहतो आणि कोणता बिंदू कोणत्या बिंदूला जोडायचा हे माणूसच ठरवतो. हे ठरवणे कागदावर कसे उतरवायचे, हाच मोजणीच्या इतिहासातला अवघड भाग आहे.

आपल्या मुलखात हा प्रश्न इंग्रजी अमलाच्या आरंभी ऐरणीवर आला. १८३० च्या सुमारास प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने दख्खनमध्ये पाहणी करून सारा बसवला. त्याचे अर्थशास्त्र पुस्तकी होते आणि हाताखालच्या कामावर देखरेख पुरेशी नव्हती. सारा जड झाला, रयत जमिनी टाकून निघून गेली. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात काम नव्याने हाती घेतले. त्यातून आलेल्या पद्धतीचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात बांधले गेले. आज ज्याला आपण सर्व्हे नंबर म्हणतो तो त्याच पद्धतीचा.

त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, आणि तिचे भाग सोळा. त्यांना म्हणत आणे! एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. ज्या रयतेला रुपयाचा हिशेब आण्यांत येत होता, तिला जमिनीचाही आण्यांतच कळावा, ही युक्ती आम्हांला फार आवडते. पोटाला चिमटा घेणारी सरकारेसुद्धा कधीकधी शहाणपणाने वागतात.

शेताच्या आरपार एक पायारेषा धरायची. तिच्यावरून शंकूच्या साहाय्याने काटकोन काढून उजव्या-डाव्या अंगाला बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत लंब मोजायचे. हे आकडे ज्या कच्च्या आकृतीवर मांडत ते टिपण. क्षेत्र काढायचे ते याच त्रिकोण-चौकोनांच्या गुणाकाराने. आता पाहा, टिपणात आकड्यांच्या बरोबरीने मोजणीदाराच्या हाताची रेघ असते. कोणता कोपरा कोणत्या कोपऱ्याला जोडला हे ती रेघ सांगते. मजकूर मोडीत असला आणि वाचणारा मिळाला नाही, तरी रेघ बोलते. म्हणूनच हद्दीच्या वादात आजही जुने टिपण मागवतात.

या साऱ्या कामाला राबणारे हात कोणाचे? देशव्यापी त्रिकोणमितीय मोजणी १८०२ मध्ये मद्रासजवळ लॅम्टनने सुरू केली. हा लॅम्टन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला; त्याची कबरही तिथेच आहे. त्याचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट देवळांच्या गोपुरांवर आणि डोंगरांवर चढला तो मजुरांच्या बळावर. त्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. पण त्यांच्या बाजूने उभा राहिलेला एक माणूस ठाऊक आहे. राधानाथ शिकदार १८३१ पासून या खात्यात गणक होते. एव्हरेस्ट शिखराच्या उंचीच्या गणिताशी त्यांचे नाव जोडले जाते. १८४३ मध्ये डेहराडूनला मॅजिस्ट्रेट व्हॅन्सिटार्टने खात्याच्या मजुरांना आपल्या सामानाच्या वेठीला धरले. शिकदारांनी ते रोखले आणि दोनशे रुपये दंड भरला. उंचीचे गणित आम्हांला येत नाही, पण या दोनशे रुपयांचे वजन आम्हांला बरोबर कळते. पुढे १८५१ च्या सरकारी मोजणी-ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांच्या कामाचे ऋण मान्य केलेले होते. ते वारले १८७० मध्ये, आणि १८७५ च्या आवृत्तीतून तो उल्लेख गळाला. गणित मात्र राहिले.

आता आजच्याकडे येतो. १९८० च्या दशकापासून मोजमाप यंत्रातच साठवण्याची सोय पसरली आणि हाताची रेघ मागे पडली. एक जण तिवईवरच्या टोटल स्टेशनपाशी, दुसरा काठीवर प्रिझम धरून बिंदूबिंदूवर उभा. यंत्रात जमा होतात त्या आकड्यांच्या ओळी : बिंदूचा क्रमांक, पूर्व, उत्तर, उंची. आणि शेवटी एक छोटासा संकेत. काम सुरू होण्यापूर्वीच कचेरीत संकेतांची यादी करून संगणकात बसवतात. झाड, खांब, विहीर हे सुटे बिंदू. ते जोडायचे नाहीत. बांध, भिंत, काठ या रेषा, त्या जोडायच्या. रेषेचा रंग कोणता, ती अखंड की तुटक, हेही तिथेच ठरते. रेषा कुठे सुरू झाली, कुठे संपली, कुठे वळली, याच्या खुणा वेगळ्या. आणि एकाच जातीच्या दोन रेषा शेजारी असतील तर त्यांना क्रमांक वेगळे : काठ एक, काठ दोन.

हा शेवटचा नियम क्षुल्लक वाटतो. भांडण त्यावरच झाले.

शहराबाहेर एका कामगार गृहनिर्माण संस्थेच्या जागेची मोजणी होती. मधून नाला. प्रिझम धरणारा पोरगा चाल वाचवण्यासाठी डाव्या काठाचा बिंदू देई, मग उजव्या काठाचा, पुढे सरकून उजवा, मग डावा. ही रीत चुकीची नाही. जाणकार तशीच मोजणी करतात. पण यादीत काठाला एकच संकेत होता, क्रमांक नव्हता. संगणकाने सांगितल्याप्रमाणे केले : एका काठावरून दुसऱ्यावर उड्या मारत नागमोडी रेघ ओढली. एवढ्यावर थांबते तर हसून सोडले असते. पण उंचीचे गणित करताना संगणक बिंदूंमध्ये त्रिकोण विणतो आणि काठाची रेषा त्यांना ओलांडू देत नाही. इथे धड काठच नव्हता. त्रिकोण नाल्याच्या तोंडावरून आडवे गेले आणि कागदावर नाला अर्धा बुजला. भरावाची माती कमी दिसली. खडी-मातीचे काम उक्ते घेतलेल्या बायाबापड्यांची मजुरी त्याच मापावर होती.

ठपका आला पोराच्या माथी. चार दिवसांची रोजंदारी कापली. तो आम्हांला म्हणाला, "अण्णा, काठ बदलला की मी दर वेळी ओरडून सांगत होतो. वरून साहेब म्हणायचे, कळलं, चल पुढे."

आम्ही मूळ आकड्यांची नोंद मागितली. बिंदूंच्या क्रमाने सारे उघड झाले : डावा, उजवा, उजवा, डावा, आणि प्रत्येकापुढे तोच एक संकेत. पोरगा जिथे उभा राहायला हवा तिथेच उभा होता. संकेतच अपुरा होता. बिंदूंना काठ एक आणि काठ दोन असे वेगळे क्रमांक देऊन नकाशा पुन्हा काढायला एक दुपार लागली. नाला पुन्हा उघडला, मातीचे माप वाढले, चार दिवसांचा रोज परत मिळाला. पुढच्या कामाला यादी करायला बसले तेव्हा त्या पोराला बोलावले होते. त्याने पाटाच्या दोन कडांसाठी आणि पायवाटेसाठी वेगळे संकेत सुचवले. त्यांतला पायवाटेचा तेवढा घेतला नाही.