बल्लारपूरमधील स्थलांतरित कामगार

बल्लारपूर हे महाराष्ट्राच्या चंद्रपूर जिल्ह्यातील वर्धा नदीकाठचे औद्योगिक शहर आहे. कोळसा खाण, रेल्वे आणि कागद कारखाना यांमुळे विसाव्या शतकात देशाच्या अनेक प्रांतांतून कामगार येथे आले व स्थायिक झाले. त्यामुळे शहरास ‘मिनी इंडिया’ असेही संबोधले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ८९ हजार होती.

पार्श्वभूमी

गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याच्या नावावरून या गावास नाव मिळाले. राजधानी चंद्रपूरला हलविण्यापूर्वी ती येथे होती. नदीकाठचा किल्ला त्याची साक्ष देतो. गावाचे औद्योगिक रूप मात्र कोळशामुळे घडले. वरोरा येथील सरकारी खाण १९०६ साली बंद झाली आणि त्याच सुमारास बल्लारपूरच्या खाणीस महत्त्व आले. १९२९ साली बल्लारशाह–काझीपेठ लोहमार्ग पूर्ण झाल्यावर दिल्ली–मद्रास हा थेट मार्ग येथून जाऊ लागला. १९४५ साली बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स ही कंपनी स्थापन झाली. नदीचे पाणी, जवळचा कोळसा आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील बांबू या तिन्ही गोष्टी कारखान्यास येथे उपलब्ध होत्या.

कामगारांचे आगमन

नदीपलीकडील राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे तेलुगू भाषक मजुरांना हे गाव फार दूरचे नव्हते. रेल्वेमुळे उत्तर भारतातून व छत्तीसगडकडूनही लोक आले. आधी आलेल्याने आपल्या गावच्या नातेवाइकांस कामावर आणावे आणि नव्याने आलेल्याने काही दिवस त्याच्याच खोलीत राहावे, अशा रीतीने भाषा व गाव यांनुसार मोहल्ले वाढत गेले.

दैनंदिन जीवन

खाण व कारखाना यांचे काम तीन पाळ्यांत चाले. रात्रपाळीचा कामगार दिवसा झोपे, म्हणून मुलांचे खेळ, स्वयंपाक व पाणी भरणे यांच्या वेळाही घरातील माणसाच्या पाळीवर ठरत. पगाराचा काही भाग मनीऑर्डरने गावी जाई. बाजारात मराठी, हिंदी व तेलुगू या भाषा सहज मिसळतात. तेलुगू कुटुंबांतील स्त्रिया नवरात्राच्या सुमारास बतुकम्मा मांडतात, तर उत्तर भारतीय कुटुंबे छठपूजा करतात.

कायम आणि कंत्राटी

दगडी कोळशाच्या खाणींचे १९७३ साली राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ पासून येथील खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीकडे आल्या. कायम कामगारांस निश्चित वेतन, निवृत्तिवेतन व निवासस्थान मिळू लागले. परंतु निवासस्थान नोकरीशी बांधलेले असते. पन्नास वर्षांपूर्वी आलेल्या कुटुंबाचे मूळ गावातील घर मोडलेले असते आणि निवृत्तीनंतर येथील घरही सोडावे लागते.

कंत्राटी कामगारांची स्थिती अधिक अस्थिर असते. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात विस्थापन भत्ता व प्रवासभत्ता यांची तरतूद होती. तथापि, हा कायदा कंत्राटदारामार्फत दुसऱ्या राज्यात नेलेल्या कामगारांपुरता होता. नातेवाइकाच्या आधाराने स्वतःहून आलेला मजूर त्याच्या कक्षेबाहेर राहिला. आणि बल्लारपुरातील अनेक कुटुंबे अशीच आलेली होती.

उलट दिशेचे स्थलांतर

ज्या जिल्ह्याने इतर प्रांतांतील मजुरांस काम दिले, त्याच जिल्ह्यातून मजूर बाहेरही जातात. चिमूर, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या तालुक्यांत शेती मुख्यतः पावसावरील धानाची आहे. धान निघाल्यावर भूमिहीन कुटुंबे मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. मार्च २०२० मधील टाळेबंदीत असे अनेक मजूर तेथे अडकले व काहींनी पायी परतीची वाट धरली. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी तेलुगू मजूर ज्या कारणाने वर्धा ओलांडून आले, त्याच कारणाने आज येथील मजूर तेलंगणात जातात: गावी वर्षभर पुरेल एवढे काम नसणे.