कराचीची सून, ठाण्याची फाईल

कराची आणि भिवंडी ३१ मार्च १९३६ पर्यंत एकाच मुंबई इलाख्यात होत्या. दुसऱ्या दिवशी, १ एप्रिलला, सिंध हा स्वतंत्र प्रांत झाला. त्याआधी कराचीची मुलगी भिवंडीत नांदायला आली, तर तिला बोटीचा प्रवास करावा लागे. पण इलाख्याची हद्द ओलांडावी लागत नसे. आज तशीच मुलगी तशाच नात्यातल्या घरी आली, तर भारताची नागरिक होण्यासाठी अर्ज करण्यापूर्वी तिला सात वर्षे काढावी लागतात. अर्ज केल्यानंतरची वर्षे निराळी. या प्रतीक्षेचा इतिहास शोधताना मी नागरिकत्वाचे कायदे, दुरुस्त्या आणि न्यायनिर्णय तारखांच्या क्रमाने एकाखाली एक मांडले. त्यातून जे दिसले ते असे: ही प्रतीक्षा म्हणजे केवळ सरकारी दिरंगाई नव्हे. ती टप्प्याटप्प्याने कायद्यातच विणली गेली आहे, आणि तिची लांबी सर्वांसाठी सारखी नाही.

भिवंडीच्या मुस्लिम वस्तीत दोन जुने थर आहेत. एक, शेतीवाडी आणि खाडीच्या व्यापारावर उभा राहिलेला कोकणी मुसलमानांचा. दुसरा, एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८५७ नंतर, उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांचा. विणकरांनी हातमाग आणले. विसाव्या शतकात त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली आणि गावाची ओळखच बदलली. या दोन्ही समाजांत नात्यात सोयरीक करण्याची रीत आहे. मुलगी चुलत्याकडे, मामाकडे, आत्याकडे द्यायची. फाळणीच्या आगेमागे दोन्ही समाजांतली काही कुटुंबे कराचीत स्थिरावली. कोकणाचे नाव धारण करणारी गृहनिर्माण सोसायटी कराचीत आजही आहे. एक भाऊ इकडे आणि एक तिकडे राहिला, तरी सोयरिकीची रीत लगेच तुटत नाही. दोन देशांमधले लग्न म्हणून आपण ज्याकडे पाहतो, ते त्या घरांच्या दृष्टीने नेहमीचेच लग्न होते.

परवान्याची राजवट

सरहद्द आखली गेली १९४७ साली, पण ती माणसांना अडवू लागली जुलै १९४८ पासून. पाकिस्तानातून, मुख्यतः दिल्लीकडे, परतणाऱ्या मुसलमानांचा ओघ रोखण्यासाठी भारत सरकारने तेव्हा वटहुकूम काढून परवान्याची पद्धत सुरू केली. १९४९ साली तिचा कायदा झाला. भेटीला येणाऱ्यांसाठी तात्पुरता परवाना आणि कायम राहायला येणाऱ्यांसाठी वेगळा. दुसरा मिळणे फार अवघड होते.

इंग्रजी कायद्याच्या परंपरेत विवाहित स्त्रीचा अधिवास तोच असे, जो तिच्या नवऱ्याचा. म्हणजे नवरा भारतात असेल तर बायकोही भारताचीच. संविधानाच्या कलम ७ पुढे हे जुने गृहीत टिकले नाही. १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानच्या प्रदेशात स्थलांतरित झाला तो भारताचा नागरिक मानला जाणार नाही, असे ते कलम सांगते. कायम वास्तव्याच्या परवान्यावर परतलेल्यांचा तेवढा अपवाद.

'स्टेट ऑफ बिहार विरुद्ध कुमार अमर सिंग' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे १९५५ साली नेमका हाच पेच आला. नवरा भारतात, आणि पत्नी जुलै १९४८ मध्ये कराचीला गेलेली. ती तात्पुरत्या परवान्यावर आली, परत गेली, पुढे कायमचा परवाना घेऊन आली. तो परवानाही रद्द झाला. नवऱ्याच्या अधिवासाचा आधार न्यायालयाने मानला नाही. कलम ७ हे कलम ५ वर मात करते, असा निर्णय झाला. नवरा कुठे राहतो यावरून बायको कुठली हे ठरण्याचा काळ इथे संपला. तत्त्व म्हणून त्याचे स्वागतच व्हायला हवे. पण स्त्रीला स्वतंत्र व्यक्ती मानण्याची ही पहिली खूण तिच्या पदरात पडली ती परकी ठरवण्याच्या निमित्ताने.

१५ ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत ये-जा करण्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसा लागू लागले. पासपोर्ट हा अनेकांना प्रवासाचा कागद वाटला. कायद्याने त्याला निष्ठेचा पुरावा केले. १९५६ च्या नागरिकत्व नियमांनुसार दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेणे म्हणजे त्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने पत्करल्याचा निर्णायक पुरावा ठरला आणि 'इझहार अहमद खान' प्रकरणात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम वैध मानला. आईला भेटायला यावे म्हणून घेतलेल्या पासपोर्टनेही माहेरचा देश कायमचा परका होऊ शकत होता. त्याआधी १९५७ साली परकीय नागरिक कायद्यात दुरुस्ती झाली होती. तोवर पाकिस्तानी माणूस त्या कायद्याच्या अर्थाने 'परकीय' ठरत नव्हता. आता जो भारताचा नागरिक नाही तो प्रत्येक जण परकीय झाला.

शून्य, पाच, सात

आता सुनेच्या अर्जाकडे वळू. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ५(१)(क) मूळ रूपात अगदी आखूड होते. भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या स्त्रियांची नोंदणी करता येईल, एवढेच ते म्हणत होते. किती वर्षे राहिले पाहिजे याची अट त्या कलमात नव्हती. १९८६ साली 'स्त्रिया' हा शब्द जाऊन 'व्यक्ती' आला, म्हणजे परदेशी जावयालाही दार उघडले. पण त्याच दुरुस्तीत पाच वर्षांच्या वास्तव्याची अट घातली गेली. २००३ च्या दुरुस्तीने पाचाची सात वर्षे झाली. शिवाय बेकायदा स्थलांतरिताला या कलमाचा लाभ नाही, असेही ठरले. व्हिसाची मुदत उलटून राहिलेली व्यक्तीही त्या व्याख्येत येते.

या दुरुस्त्या करताना कायदेमंडळापुढे भिवंडीची सून नव्हती. १९८६ मागे आसाम करार आणि श्रीलंकेतून येणारे निर्वासित होते; २००३ मागे बांगलादेशातून होणाऱ्या घुसखोरीची चर्चा होती. पूर्वेच्या सरहद्दीवरच्या चिंतेतून झालेल्या कायद्याने पश्चिम किनाऱ्यावरच्या एका घराची प्रतीक्षा शून्यावरून सातावर नेली.

ही सात वर्षे मोजण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. अर्जापूर्वीचे बारा महिने अखंड भारतात काढलेले हवेत. त्याआधीच्या आठ वर्षांपैकी किमान सहा वर्षे इथलीच हवीत. त्या बारा महिन्यांत कराचीला वडील आजारी पडले तर काय करायचे? २०१५ च्या दुरुस्तीपासून विशेष कारणासाठी कमाल तीस दिवसांची सूट केंद्र सरकार देऊ शकते. त्याआधी तीही सोय नव्हती. माहेरी जावे तर मोजणी मोडते, न जावे तर माणूस दुरावते. जाण्याची वाटही सोपी राहिली नव्हती. १९९४ साली मुंबईतली पाकिस्तानची आणि कराचीतली भारताची वकिलात बंद पडली. तेव्हापासून कराचीच्या बापाला लेकीकडे यायचे तर व्हिसासाठी आधी उत्तरेला हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या इस्लामाबादकडे पाहावे लागले. २००६ साली मुनाबाव–खोखरापार मार्गाने थार एक्सप्रेस सुरू झाली तेव्हा सिंधचा रस्ता जवळ आला. ऑगस्ट २०१९ मध्ये तीही थांबली.

या सगळ्या काळात तिचा आधार असतो दीर्घ मुदतीचा व्हिसा. भारतीयाशी लग्न करून इथे राहणाऱ्या पाकिस्तानी स्त्रिया हा त्या व्हिसाचा एक मान्य वर्ग आहे. दुसरा वर्ग वाचताना मी थबकलो: मूळच्या भारतीय, लग्नाने पाकिस्तानी झालेल्या आणि वैधव्य किंवा तलाकानंतर परतलेल्या स्त्रिया, ज्यांना तिकडे आधार देणारा पुरुष नाही. म्हणजे भिवंडीची लेक कराचीहून माहेरी परतली, तर तिने आपले निराधारपण सिद्ध करायचे, आणि कराचीची सून भिवंडीत आली, तर तिने आपला संसार सिद्ध करायचा. मुदत संपण्याआधी नूतनीकरण, पोलिसांकडे नोंद, पत्ता बदलला तर कळवणे हे दोघींच्याही वाट्याला येते. एक मुदत चुकली तर प्रश्न दंडापुरता राहत नाही. सात वर्षांचा हिशेबच धोक्यात येतो.

एकाच कार्यालयातल्या दोन वाटा

भिवंडीपासून पंधरा-वीस किलोमीटरवर उल्हासनगर आहे. सिंधमधून आलेल्या हिंदू निर्वासितांच्या कल्याण छावणीतून ते शहर १९४९ साली उभे राहिले. त्यांचेही नातेवाईक सिंधमध्ये राहिले, त्यांच्याही सोयरिकी सरहद्द ओलांडून झाल्या. दोन्ही गावांचा जिल्हा ठाणे आणि अर्ज घेणारे जिल्हाधिकारी एकच.

डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून काही निवडक जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व नोंदणीचे अधिकार दिले. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि ठाणे. मात्र हे अधिकार पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती अर्जदारांपुरते होते. त्यामुळे उल्हासनगरच्या सिंधी सुनेच्या प्रमाणपत्रावर ठाण्यात सही होऊ शकते. भिवंडीच्या सुनेची फाईल जिल्ह्यातून राज्य सरकारकडे, तिथून दिल्लीला जाते, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर चौकशीचा अहवाल जोडला जातो. विवाहाचे कलम एक, सात वर्षे तीच, जिल्हा तोच. फरक फक्त धर्माचा.

उल्हासनगरला मिळाले ते चुकीचे, असे मी म्हणत नाही. छळ सोसून आलेल्या माणसाला लवकर घर मिळावे, हे योग्यच. सुरक्षेचा प्रश्नही खोटा नाही; २६ नोव्हेंबर २००८ नंतर तो कुणी हलक्यात घेऊ नये. पण सात वर्षे पोलिसांकडे नोंद असलेली, प्रत्येक मुदत पाळलेली, इथल्याच शाळेत मुले घातलेली स्त्री ही राज्याला सर्वांत जास्त माहीत असलेली परकी व्यक्ती असते. तिच्याबद्दलचा संशय कागद वाढतील तसा कमी व्हायला हवा.

पती-पत्नीच्या नात्याकडे संशयाने पाहणारे भारत हे एकटे राष्ट्र नाही. ब्रिटनमध्ये विवाहाचा 'प्रमुख उद्देश' देशात शिरणे हा नाही, हे अर्जदारालाच सिद्ध करावे लागे. तो नियम १९९७ साली रद्द झाला. १९७९ साली हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या भारतीय स्त्रीची कौमार्य तपासणी झाली, तेव्हा इथे संताप उसळला होता. अमेरिकेत ग्रीनकार्डधारकाच्या जोडीदाराला वार्षिक मर्यादेच्या रांगेत उभे राहावे लागते. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना ती रांग परिचयाची आहे. तिथल्या रांगेबद्दल आपण हळहळतो. ठाण्यातली रांग आपल्या बोलण्यातही नसते.

पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले गेले. पण अल्प मुदतीच्या व्हिसावर येऊन लग्नाच्या आधारे दीर्घ मुदतीचा अर्ज केलेल्या, आणि उत्तर न आलेल्या स्त्रियांचे काय? जम्मूतील अशा एका विवाहितेला अटारीच्या वाटेवरून उच्च न्यायालयाच्या आदेशाने परत आणावे लागले. अर्ज प्रलंबित असणे म्हणजे नेमके काय, हे त्या आठवड्यात दिसले. शांततेच्या काळात ज्याला आपण उशीर म्हणतो, त्याचे संकटाच्या दिवशी बेकायदा वास्तव्य होते.

भिवंडीचा इतिहास आपण माग आणि दंगली या दोनच शब्दांत सांगतो. या फायलींना त्यात जागा मिळाली पाहिजे, आणि त्या बंदही व्हायला हव्यात. त्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. २०१६ साली ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला अधिकार कलम ५(१)(क) खालच्या प्रत्येक जोडीदाराला लागू केला, तर सात वर्षे पुरी झालेल्या अर्जाचा निकाल जिल्ह्यातच लागेल. त्याला एक अधिसूचना पुरते.