'मलपीवाले'

कर्नाटकातल्या उडुपीजवळच्या मलपे बंदराचे वेगवान ट्रॉलर. मालवणचे रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून रापण जाळे ओढणारे मच्छीमार, त्यांना याच नावाने ओळखतात. पत्रलेखक मालवणचे, नोकरी सातपुड्यातल्या मोलगीत. तिथे मासा म्हणजे नर्मदेचा, म्हणून हा खुलासा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत मासेमारीला राज्याचा कायदा चालतो आणि हे ट्रॉलर त्याच हद्दीत घुसतात. महाराष्ट्राच्या १९८१च्या मूळ कायद्यात दंड पकडलेल्या मासळीच्या किमतीवरून ठरे आणि निवाडा तहसीलदार करी. म्हणजे जाळे रिकामे दिसले की गुन्हाही हलका! २०२१च्या दुरुस्तीने दंड लाखांत गेला, निवाडा मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे आला. पत्र त्याआधीचे आहे. पत्रात पुढच्याच ओळीत येणारा 'हप्ता' होडीच्या कर्जाचा नव्हे. तो कोणाला पोचतो, हे पत्रलेखकाने लिहिलेले नाही. — संपादक